स्लॅशरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय? नवा बोल्ट घालण्याआधी हे बघून घ्या

पाऊस ओसरला की गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, कुठल्याही भागात जा, ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार एकच असते, स्लॅशरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायच्या गवत-झुडपं कापणाऱ्या कटरचा, बोल्ट तुटला. नवा घातला, चार फेऱ्या झाल्या, परत तुटला. काजूच्या बागेत रानमोडी (झुडपासारखं तण) छातीपर्यंत माजलेली असते, कापायला मजूर मिळत नाहीत म्हणून तासावर ट्रॅक्टर सांगितलेला असतो, आणि अर्धा वेळ ड्रायव्हर हातोडा घेऊन तुटलेल्या बोल्टचा तुकडा ठोकून काढत बसलेला असतो, बागवाल्याचा जीव वरखाली आणि ट्रॅक्टरवाल्याचा दिवस फुकट.

यावर सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे "दादा, हायटेन्शन बोल्ट घाला, परत तुटायचा नाय." (म्हणजे हाय-टेन्साइल, जास्त ताकदीचा.) हा सल्ला कृपा करून ऐकू नका. शिअर बोल्ट मुद्दाम नरम ठेवलेला असतो, घरातल्या फ्यूजमध्ये जशी बारीक तार असते तसाच. पात्याला दगड लागला, खुंट लागला की सगळ्यात आधी तो तुटला पाहिजे, म्हणजे कटरचा गिअरबॉक्स, पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद कटरला नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा, आणि ट्रॅक्टरची पीटीओ (मागचं फिरतं टोक) वाचते. बोल्ट काही रुपयांचा, गिअरबॉक्सचे बेव्हल गिअर उडाले तर हजारांत जातं आणि ट्रॅक्टरच्या आतलं काही गेलं तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. म्हणून बोल्ट न तुटण्याचा उपाय शोधण्यापेक्षा तो का तुटतोय ते शोधू. माझं स्पष्ट मत सांगतो, आपल्याकडे बहुतेक वेळा कारण एकच निघतं, कटर त्या ट्रॅक्टरला आणि त्या जमिनीला साजेसा नसतो. पण तिथे जायच्या आधी सोपी कारणं एकेक करून बाजूला काढायची.

आधी बोल्टचं डोकं बघा. डोक्यावर ४.६, ८.८, १०.९, १२.९ असे आकडे कोरलेले असतात, त्यातला पहिला आकडा गुणिले १०० केलं की त्या लोखंडाची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे ४.६ चा ४००, ८.८ चा ८००, १२.९ चा १२००. हार्डवेअरच्या दुकानातला काळा एलन बोल्ट बहुतेक १२.९ चा असतो. जिथे कंपनीने ४.६ सांगितलाय तिथे तो घातला तर सरळ तिप्पट ताकदीचा झाला, आता दगड लागला की तुटणार दुसरंच काहीतरी. जाडीचंही तसंच, ८ एमएमच्या भोकाला ड्रिल मारून १० चा बोल्ट घातला की बोल्टचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. काही कंपन्या ४.६ सारखा नरम बोल्ट देतात, काही ८.८ चा देतात, त्यामुळे कुठला घालायचा हे मॅन्युअलात बघायचं, शेजाऱ्याच्या कटरमध्ये कुठला आहे त्यावरून ठरवायचं नाही.

उलटंही होतं. आपण बोल्ट बरोबर घेतो पण पूर्ण आट्यांचा घेतो. शिअर बोल्टचा जिथे कापला जाणारा भाग येतो तिथे गुळगुळीत दांडा यायला पाहिजे, आटे आले तर आट्याच्या खाचेत लोखंड कमी असतं, १० एमएमच्या बोल्टमध्ये जवळजवळ चौथा हिस्सा कमी, आणि खाचेतूनच चीर सुरू होते. असा बोल्ट काही न लागताही तुटतो आणि माणूस विचार करत बसतो की गवतच तर कापत होतो. तेव्हा अर्धे आटे अर्धा दांडा असलेला, योग्य लांबीचा बोल्ट मागून घ्या.

आता तुटलेला तुकडा टाकून देऊ नका, खिशात ठेवा आणि सावलीत बसून नीट बघा. सगळा तुटलेला भाग चमकदार आणि सपाट असेल, जणू सुरीने कापलाय, तर एका झटक्यात जास्त जोर आला. अर्धा भाग काळपट किंवा गंजका आणि उरलेला चमकदार असेल तर चीर आधीपासून होती, बोल्ट काही तास अर्धवट तुटलेल्या अवस्थेत चालत होता, म्हणजे तो सतत हादरे खात होता. आणि दांड्याला कंबरेसारखा खळगा पडला असेल, बाजूला घासल्याच्या रेघा असतील, तर योकचं (शाफ्टच्या टोकाचा तुकडा, ज्यात हा बोल्ट बसतो) भोक बघा. नव्वद टक्के खात्रीने सांगतो ते भोक गोल राहिलेलं नसेल, लांबट झालेलं असेल. लांबट भोकात बोल्टला खेळायला जागा मिळते, मग प्रत्येक वेळी क्लच सोडला की योक आधी मोकळा फिरतो आणि मग बोल्टवर हातोड्यासारखा आदळतो. अशा योकमध्ये कुठलाही बोल्ट टिकणार नाही. लेथवाल्याकडे नेऊन भोक भरून परत मापात करून घ्या, नाहीतर योकच बदला. आणि नट नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा) वापरा, घट्ट करा पण पाइप लावून लटकू नका.

बोल्ट नेमका कधी तुटतो हे ड्रायव्हरला विचारा. मालकाला नको, ड्रायव्हरला, कारण मालक सांगतो "सारखा तुटतो" आणि ड्रायव्हरला माहीत असतं की वळताना तुटतो, का सुरू करताना तुटतो, का रानमोडीच्या दाट पट्ट्यात घुसल्यावर तुटतो. या तिघांची कारणं वेगळी.

सुरू करताना तुटत असेल तर सवय बघा. इंजिन जोरात ठेवून पीटीओचा क्लच फटकन सोडला की खाली पात्यांची जी जड थाळी आहे ती थांबलेली असते आणि एका क्षणात तिला फिरवायचं म्हणजे सगळा झटका बोल्टवर. इंजिन आयडलवर आणा, कटर जमिनीपासून थोडा वर पण जवळजवळ आडवा ठेवा, पीटीओ टाका, क्लच हळू सोडा, पाती बाहेर फेकली गेली, आवाज एकसारखा झाला की मग रेस वाढवा. दाट गवतात कटर टेकवून सुरू करू नका. आदल्या दिवशीचं ओलं गवत कटरच्या आत चिकटून सुकलेलं असतं, ते सकाळी खरवडून काढलं नाही तर पाती अडकलेलीच असतात, हे पण एक कारण.

वळताना किंवा बांध ओलांडताना तुटत असेल तर शाफ्टचा कोन. आपल्याकडे मोठी सपाट शेतं कमी, मेरा (बांध) जास्त, बागा टप्प्याटप्प्याच्या, त्यामुळे दर काही मीटरला ड्रायव्हर पीटीओ चालू ठेवूनच लिफ्ट वर उचलतो. कटर वर गेला की शाफ्ट तिरपा होतो आणि क्रॉसचा स्वभाव असा आहे की तिरपा झाला की तो एकसारखा फिरवत नाही. एका क्रॉसला ३० अंशाचा कोन आला तर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या जागी पुढचा शाफ्ट एकाच फेरीत ४७० ते ६२० च्या मध्ये दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर दुसरा क्रॉस ते भरून काढतो, पण उचलल्यावर ते सारखे राहत नाहीत. जो खडखड आवाज येतो ना उचलल्यावर, तो हाच, आणि तो प्रत्येक वेळी बोल्ट आणि क्रॉस दोन्हीला मारत असतो. उपाय सोपा आहे, लिफ्टच्या लिव्हरला जो स्टॉपर असतो तो लावून ठेवा म्हणजे चालू कामात कटर ठराविक उंचीच्या वर जाणार नाही, आणि मेर ओलांडायची असेल तर पीटीओ बंद करून मगच पूर्ण उचला. अर्धा मिनिट जातो, जाऊ दे.

त्याच वेळी शाफ्टची लांबी तपासा. नवीन कटर आणला, शाफ्ट सोबत आला, तसाच लावला, असं खूप ठिकाणी दिसतं. शाफ्टचे दोन पाइप एकमेकांत सरकतात, ते फार लांब असतील तर कटर वरखाली करताना एका जागी पूर्ण आत जाऊन बसतात आणि मग लिफ्टचा सगळा जोर गिअरबॉक्सच्या आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर जातो. फार आखूड असेल तर एकमेकांतली पकड कमी राहते आणि एखाद्या खड्ड्यात निसटू शकतो. लिफ्ट हळूहळू पूर्ण वरखाली करून कुठे सगळ्यात जवळ येतो कुठे सगळ्यात लांब जातो ते बघायचं, पीटीओ बंद असताना अर्थातच, सगळ्यात लांब असतानासुद्धा पाइपच्या लांबीचा निदान तिसरा हिस्सा एकमेकांत राहिला पाहिजे. कापायचा तर दोन्ही पाइप सारखे कापायचे, गार्डची नळी पण तेवढीच, कडा घासून गुळगुळीत करून ग्रीस लावायचं. आणि जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आलेत ना बघायचं, काही शाफ्ट चुकीच्या कोनात पण आत बसतात.

दगडाला लागून तुटत असेल तर तो बोल्टचा गुण आहे, त्याने काम केलं. पण साध्या दगडाला लागून सुद्धा दर वेळी तुटत असेल तर खाली बघावं लागेल. कटरची पाती थाळीला घट्ट बसवलेली नसतात, ती एका मोठ्या बोल्टवर मोकळी लटकलेली असतात, फिरताना बाहेर फेकली जातात आणि काही कडक लागलं की मागे दुमडतात. हे दुमडणं झालं की धक्का तिथेच जिरतो. पण पात्याच्या बोल्टात गंज बसला, किंवा माती आणि गवताची लगदी भरून सुकली, की पातं दुमडत नाही, ते ताठ राहतं, मग प्रत्येक धक्का सरळ वर शिअर बोल्टवर.

हे तपासताना एक गोष्ट मनापासून सांगतो, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर कटरखाली हात घालू नका. चावी काढा, खाली जाड लाकडी ओंडके द्या, मग वाका. हायड्रॉलिकचा पाइप फुटायला वेळ लागत नाही. पातं हाताने हलवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. नसेल फिरत तर खोलून साफ करा, बोल्ट-बुश झिजलं असेल तर बदला.

आमच्या ओळखीच्या एका बागेत, सत्तरीतच, असा कटर होता की बोल्ट एका जागी दोनदा तुटायचा, मग तासभर ठीक, मग परत. थाळीच्या वर, गिअरबॉक्सच्या दांड्याला बघितलं तर ड्रिपची काळी लॅटरल (पाण्याची बारीक नळी) गुंडाळलेली, त्यावर नायलॉनची दोरी, त्यावर रानवेल, सगळं मिळून मनगटाएवढं जाड आणि उष्णतेने वितळून एकजीव झालेलं, ब्लेडने कापत कापत काढावं लागलं. त्याच्याखाली सील फाटलेलं, गिअरबॉक्सचं तेल कधीच गेलेलं, बेअरिंग कोरडं चालत होतं आणि मधेच जाम व्हायचं. बोल्ट तुटत होता तो बेअरिंगमुळे. म्हणून दर दिवशी काम संपलं की दांड्याभोवती काय गुंडाळलंय ते बघणं आणि तेलाची लेव्हल बघणं, एवढं तरी करा. तेल साधारण ९० नंबरचं गिअर ऑइल असतं, गिअरबॉक्सवर किंवा मॅन्युअलात लिहिलेलं असतं, वरच्या झाकणाला जे हवा जायचं भोक असतं ते मातीने बुजलं तर आत दाब वाढून चांगलं सील पण गळतं. नारळाच्या बागेत ड्रिप असेल तर आधी एक माणूस चालवून लॅटरल झाडाच्या बुंध्याशी ओढून घ्या, झावळ्या पण बाजूला करा, झावळीचा देठ आडवा अडकला की पाती तिथेच थांबतात.

पाती बदलायची ती जोडीने, एक जुनं एक नवं नाही. दोघांच्या वजनात फरक असला की थाळी थरथरते आणि त्या थरथरीनेच बोल्ट अर्धवट चिरत जातो, वर सांगितलेला काळपट-चमकदार तुकडा त्याचाच. धार पण वस्तऱ्यासारखी करू नका, कड दीडेक एमएम जाड ठेवा, पातळ धार पहिल्याच जांभ्याच्या चिऱ्याला लागून दुमडते.

आता तिसरं आणि सगळ्यात मोठं, दाट रानात घुसल्यावर तुटणं. इथे दोन गोष्टी एकत्र येतात. एक, डिझेल वाचवायला ड्रायव्हर रेस कमी ठेवतो. पीटीओ ५४० ला फिरली पाहिजे, मीटरवर त्याची खूण असते, इंजिनचा कुठला आकडा ते प्रत्येक ट्रॅक्टरचं वेगळं. समजा कटरला ३० एचपी लागतायत, तर ५४० ला शाफ्टवर साधारण ४०० न्यूटन मीटरचा पीळ येतो, तेवढंच काम ४०० च्या फेऱ्यांवर करून घेतलं तर पीळ ५३० च्या आसपास जातो. बोल्ट पिळाने तुटतो, म्हणजे हळू चालवून आपण बोल्टवरचा भार वाढवतो. शिवाय फिरणाऱ्या थाळीत जी ताकद साठलेली असते ती फेऱ्यांच्या वर्गाने कमी होते, ५४० वरून ४०० वर आलो की जवळजवळ निम्मी राहते, त्यामुळे एखादा जाड बुंधा आला की पाती कापून जायच्या ऐवजी थांबतात. रेस पूर्ण ठेवा, गिअर कमी करा. साध्या गवतात ताशी ५-६ किलोमीटर ठीक, रानमोडीत २-३ च्या वर नको. एक अपवाद, ज्या ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ आहे तिथे कमी रेसवरच ५४० मिळतात, ती हलक्या गवतासाठी आहे, दाट रानात साधी ५४० च लावा आणि इकॉनॉमीत टाकून रेस पूर्ण वाढवू नका, पाती मर्यादेच्या वर फिरतील.

कटरचा पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली असू द्या, पुढे कापलेलं गवत मागे मोकळं पडतं. मागचा भाग खाली राहिला तर तेच गवत आत फिरत राहतं, परत परत कापलं जातं आणि ताकद खातं. हे टॉप लिंकने (ट्रॅक्टर आणि कटर जोडणाऱ्या वरच्या दांड्याने) होतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि दुसरी गोष्ट, कटरच मोठा आहे. इथे खरा घोळ असतो. दुकानात ५ फुटी आणि ६ फुटी कटर शेजारी शेजारी उभे असतात, किमतीत फार फरक नसतो, आपण म्हणतो मोठा घेऊ, फेऱ्या कमी लागतील. हिशोब असा करा. ट्रॅक्टरवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो, पीटीओला त्यातले साधारण ८५ ते ९० टक्के पोचतात. साध्या गवताला कटरच्या दर फुटाला पीटीओचे ५ एचपी धरायचे. म्हणजे ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३० च्या आसपास मिळाले आणि ६ फुटीने ते सगळेच्या सगळे मऊ गवतात खाऊन टाकले, रानमोडी आणि घाणेरीसाठी हातात काही उरलं नाही. त्या ट्रॅक्टरला आपल्या डोंगराळ बागेत ५ फुटी योग्य, फार दाट असेल तर साडेचार. आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर खूप आहेत, २२-२४ एचपीचे, त्यांना पीटीओवर २० मिळाले तर मिळाले, त्यांना ४ फूट ही गवताची हद्द, झाडी असेल तर साडेतीन. ४५-५० एचपीवाल्याला पडीक भातशेतात ६ फुटी खुशाल चालेल पण काजूच्या बागेत त्यानेही ५ फुटी मजबूत बांधणीचा घ्यावा असं मी म्हणेन.

रुंदीत अजून एक बघायचं, मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर टेपने मोजा. कटर त्यापेक्षा अरुंद असला तर टायरने चेपलेलं गवत बाजूने न कापता उरतं आणि चार दिवसांनी उभं राहतं. एचपी सांगतोय ५ फूट आणि टायर सांगतायत साडेपाच, अशी अडचण आली तर एचपीचं ऐका, आणि कटर थोडा एका बाजूला सरकवून लावता येतो का ते विचारा, काही मॉडेलात ती सोय असते.

बागेच्या मापाचंही भान ठेवा. काजू ७-८ मीटरवर लावलेला असला तरी फांद्या जमिनीजवळ पसरतात, वेंगुर्ल्याच्या जातींची मोठी झाडं तर खाली टेकतात. रुंद कटर फांदीखाली घालायच्या नादात ड्रायव्हर वाकडा होतो, खुंट दिसत नाही. जुने किंदळ, माट्टीचे खुंट, वारुळं, चिरे काढून सोडलेले खड्डे, हे सगळं रानमोडीत झाकलेलं असतं. पहिल्या वर्षी बाग उघडताना एकदा चालून, कोयत्याने वाट करत, खुंटांना चुना किंवा फडका लावून घ्या, हे टाळू नका, दुसऱ्या वर्षी ते काम चौथ्या हिश्श्याचं राहतं. आणि शक्य असेल तर रानमोडी फुलायच्या आधी, बुंधा हिरवा असतानाच कापा. जानेवारीत तो लाकडासारखा होतो आणि बी पण पडतं ते वेगळंच. कापली म्हणून मरत नाही, मुळापासून फुटते, पण दर वर्षी वेळेत कापली की दरवर्षी बारीक होत जाते आणि कटरचे हाल कमी होतात.

कटर हलका, मध्यम, जड असे प्रकार येतात. हलक्यात पत्रा पातळ आणि साधारण इंचभर जाडीपर्यंतचे बुंधे, मध्यम दोन इंचांपर्यंत, जड त्याच्या वर. दुकानदार जे तोंडाने सांगेल ते सोडा, गिअरबॉक्सवरच्या प्लेटवर किती एचपीचा आहे ते वाचा, तो आपल्या ट्रॅक्टरच्या पीटीओ एचपीपेक्षा बराच जास्त असला पाहिजे. काठोकाठ असेल तर नको. पात्यांची थाळी गोल, खाली फुगीर पाहिजे म्हणजे खुंटावरून घसरून वर चढते, नुसती आडवी पट्टी असेल तर ती खुंटाला सरळ अडते, आपल्या जमिनीत पट्टीवाला घेऊच नका. मागे साखळ्यांचा पडदा पाहिजेच. ५ फुटी कटरच्या पात्याचं टोक मिनिटाला ८०० फेऱ्यांना ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जात असतं, त्याने उडवलेला खडा शंभर मीटरवरच्या माणसाला लागू शकतो. बाजूला काजूचे बोंडू वेचणारी माणसं, मुलं असतील तर काम थांबवा. मार्च-एप्रिलात सुकं गवत आणि जांभ्यावर पात्याची ठिणगी, यानेही आग लागू शकते, पाण्याचा कॅन ट्रॅक्टरवर ठेवा आणि रेडिएटरची जाळी मधेमधे साफ करा.

पिनांचं माप पण बघून घ्या. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकला २२ एमएमची पिन बसते, मोठ्यांच्या २८ ची. २८ च्या भोकात २२ ची पिन बुशशिवाय लावली तर कटर सतत डुलतो, शाफ्ट सरळ राहत नाही आणि आपण परत बोल्टकडे बघत बसतो.

ट्रॅक्टर सिंगल क्लचचा (चाकांना आणि पीटीओला एकच क्लच) असेल तर हे नीट वाचा. क्लच दाबला की इंजिन सुटतं पण जड थाळी फिरत राहते आणि पीटीओतून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला ढकलत राहते, ट्रॅक्टर थांबत नाही, पुढे जातच राहतो. टप्प्याच्या कडेला, विहिरीजवळ हे जीवावर बेतू शकतं. अशा ट्रॅक्टरला पीटीओवर ओव्हररनिंग कपलर (थाळीला ट्रॅक्टर उलटा ढकलू न देणारा जोड) लावल्याशिवाय जड कटर चालवू नका. त्याने लांबी वाढते, शाफ्ट परत मोजावा लागेल.

बारीक चुरा पाहिजे असेल, म्हणजे भाताचा पेंढा किंवा झावळ्या तिथेच कुजवायच्या असतील तर फ्लेल मल्चर (फिरत्या हातोड्यांनी चुरा करणारा) चांगला, पण तो दर फुटाला जास्त ताकद मागतो आणि दगडात त्याच्या हातोड्या महाग पडतात, जांभ्याच्या भरडावर मी तो सुचवणार नाही. मऊ चाऱ्यासाठी कटर बार (कात्रीसारख्या पात्यांचा) घ्या.

शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लचवाला (जास्त जोर आला की न तुटता घसरणारा) शाफ्ट मिळत असेल आणि परवडत असेल तर घ्या, पण तो लावून विसरायची वस्तू नाही. आपल्या पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये उभा राहिला, मोरजी-काणकोणसारखा समुद्र जवळ असला तर खाऱ्या हवेनेही, आतल्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि मग तो घसरतच नाही, म्हणजे संरक्षण शून्य. हंगामाच्या आधी स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा, सगळे नट सारखे दोन-दोन फेरे सैल करा, क्लचच्या दोन भागांवर खडूने आडवी रेघ मारा, कमी रेसवर पीटीओ दोन-तीन सेकंद टाकून बंद करा. रेघ तुटून सरकली तर चकत्या सुटल्या, नट परत त्याच मापाला आणा. नाही सरकली तर खोलून पॉलिश पेपरने घासा.

नवा कटर घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा, यंत्रांच्या अनुदानाला कुठली मॉडेलं बसतात ते आधी विचारा, कारण बिल झाल्यावर विचारलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. डेमो मागताना दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत नको, तुमच्याच बागेतल्या मध्यम दाट पट्ट्यात, तुमचाच ट्रॅक्टर लावून चालवायला सांगा, पाऊण तास तरी, आणि पाच-दहा मिनिटांनी इंजिनचा आवाज ऐका, रेस खाली बसत असेल तर एक फूट लहान मागा. घेताना त्याच कंपनीचे शिअर बोल्ट नटासकट दहा-बारा घेऊन ठेवा, डोक्यावरचा आकडा आणि जाडी टूलबॉक्सच्या झाकणावर पेंटने लिहा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी दुकानातून चुकीचा बोल्ट येणार नाही.